अस्वलांच्या मुलखांतील पाऊलवाट

१८०५ सालच्या जून महिन्याची चौदावी तारीख. उत्तर अमेरिकेंत, आज ज्याला मोंटाना संस्थान म्हणतात त्या प्रदेशांत, मिसूरी नदीच्या कांठच्या एका उघड्या माळावर मेरिवेदर लुईस नांवाचा कप्तान एकटाच हिंडत होता. पश्चिमेकडील अज्ञात मुलूख पाहून येण्यासाठीं अध्यक्ष जेफर्सन यांनीं जी तुकडी धाडली होती, तिच्या दोघां नायकांपैकीं हा एक. त्यानें नुकताच एक बायसन जातीचा रानबैल टिपला होता, आणि तो जनावर कोसळण्याची वाट पाहण्याच्या नादांत बंदूक पुन्हां भरावयाचें विसरला होता. सहज मान वळवून पाहतो तों अवघ्या वीस पावलांवर एक प्रचंड अस्वल! आजूबाजूला तीनशे यार्डांपर्यंत झाड नाहीं, झुडूप नाहीं, आणि बंदूक रिकामी. लुईस झपाट्यानें चालूं लागला. अस्वल तोंड वासून धांवत आलें. मग त्यानेंहि धूम ठोकली, नदींत कमरेइतक्या पाण्यांत शिरला आणि हातांतील भाला रोखून उलट तोंड करून उभा राहिला. अस्वल पाण्याच्या कडेपर्यंत आलें, थबकलें, आणि एकाएकीं पाठ फिरवून, जणूं त्यालाच कोणी पाठलागावर आहे अशा वेगानें, माळ ओलांडून निघून गेलें.

हें असें कां झालें याचा उलगडा लुईसला झाला नाहीं, आणि तसें त्यानें आपल्या रोजनिशींत प्रांजळपणें लिहून ठेविलें आहे. यापुढें बंदूक क्षणभरहि रिकामी ठेवावयाची नाहीं, एवढा निश्चय मात्र त्यानें केला. दीड महिन्यापूर्वीं त्याचा सूर निराळा होता. या अस्वलांना भिऊन असावें, असें तेथील मूळ रहिवाशांनीं त्याला सांगितलें होतें; पण धनुष्यबाण वापरणारांनीं खुशाल भ्यावें, नेमबाज बंदुकवाल्याला तें काय करणार, अशी त्याची एप्रिलअखेरची समजूत होती. मे महिन्यांत त्याच्या सहा शिकाऱ्यांनीं मिळून एका अस्वलावर गोळ्या झाडल्या, तेव्हां त्या जखमी जनावरानें साऱ्यांना पळतां भुई थोडी केली. दोघांनीं वीस फूट उंचीच्या कांठावरून नदींत उड्या टाकल्या, तर तेंहि त्यांच्या पाठोपाठ पाण्यांत पडलें. मेल्यावर पाहिलें तों त्याच्या अंगांतून आठ गोळ्या आरपार गेलेल्या.

या अस्वलाचें नांव ग्रिझ्ली. केसांचीं टोकें पांढुरकीं, खांद्यावर वशिंडासारखा स्नायूंचा उंचवटा, आणि पुढच्या पंजांची नखें माणसाच्या बोटांएवढीं लांब. त्याच रानांत दुसरें एक काळें अस्वल राहतें. तें आकारानें लहान, झाडावर चढण्यांत पटाईत आणि स्वभावानें बरेंच भित्रें असतें. रानांत पायीं हिंडणारानें या दोघांतील भेद ओळखणें किती महत्त्वाचें आहे, हें कळावयाला पुढें पावणेदोनशे वर्षें जावीं लागलीं. तोंपर्यंत अस्वलापासून बचाव म्हणजे भरलेली बंदूक, एवढाच अर्थ लोकांनीं घेतला. त्याचा परिणाम व्हावयाचा तोच झाला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेच्या पश्चिम भागांत सुमारें पन्नास हजार ग्रिझ्ली असावींत, असा अंदाज आहे. १९७५ सालीं तीं हजारांच्याहि आंत आलीं होतीं. कॅलिफोर्निया संस्थानानें १९११ सालीं ग्रिझ्लीचें चित्र असलेलें निशाण कायद्यानें स्वीकारलें, आणि पुढील पंधरा वर्षांच्या आंतच त्या संस्थानांतून जिवंत ग्रिझ्ली नाहींसें झालें. निशाणावर मात्र तें अजून चालत आहे.

परंतु याच काळांत एका मुलखांत अस्वलाचें दैव अगदींच निराळ्या दिशेनें फिरलें. १८७२ सालच्या १ मार्च रोजीं यलोस्टोन हें जगांतील पहिलें राष्ट्रीय उद्यान स्थापन झालें. तेथें शिकारीला पुढें बंदी झाली, उन्हाळ्यांत पाहुण्यांची रीघ लागली, मोठालीं हॉटेलें उभीं राहिलीं, आणि प्रत्येक हॉटेलाच्या मागें एकेक उकिरडा तयार झाला. पाहुण्यांच्या ताटांतील उष्टें-खरकटें, हाडकें, फळांच्या साली, डब्यांतील उरलेला मुरंबा हें सारें तेथें जाऊन पडे. ज्या जनावराला सहा महिन्यांच्या कमाईवर सहा महिने गुहेंत झोपून काढावयाचे असतात, त्याला याहून मोठें अन्नछत्र कोणतें मिळणार? संध्याकाळ झाली कीं अस्वलें उकिरड्यावर जमूं लागलीं. आणि अस्वलें जमतात म्हणून माणसेंहि जमूं लागलीं. अर्नेस्ट टॉम्सन सीटन हा प्राणिकथा लिहिणारा लेखक १८९७ सालीं तेथें गेला, आणि एका हॉटेलाच्या उकिरड्यापाशीं बसून त्यानें ‘जॉनी बेअर’ या आपल्या प्रसिद्ध गोष्टीची सामग्री गोळा केली. गोष्ट मोठी गोड आहे. पण त्या गोडीनेंच पुढील दोन पिढ्यांना चकविलें असें म्हटल्यास फारसें वावगें होणार नाहीं.

उद्यानाच्या अधिकाऱ्यांना यांत कांहींच गैर दिसलें नाहीं; उलट गर्दी खेंचणारा एक फुकटचा तमाशाच त्यांच्या हातीं आला. ‘येथें फक्त अस्वलांना जेवण मिळेल’ अशा अर्थाची पाटी लावलेले ओटे बांधले गेले. १९३१ सालीं ऑटर क्रीक या ठिकाणीं तर प्रेक्षकांसाठीं उतरत्या बांकांची रीतसर रंगभूमि उभारण्यांत आली. समोर खरकट्याचा ढीग, त्यावर डझनावारीं ग्रिझ्ली, मध्यें कुंपण, आणि इकडे टाळ्या वाजविणारे स्त्रीपुरुष. सडकांवर काळीं अस्वलें मोटारी अडवून भीक मागत, आणि मुलाबाळांसह आलेले गृहस्थ त्यांना हातानें बिस्किटें भरवून छायाचित्रें काढवीत. या लाडांची किंमत सरकारी दफ्तरांत नमूद आहे. १९३१ पासून १९६९ पर्यंत यलोस्टोनमध्यें दरसाल सरासरी ४८ माणसांना अस्वलांनीं जखमी केलें, आणि मालमत्तेच्या नुकसानीचे प्रकार दरसाल शंभरांवर झाले. बहुतेक जखमा किरकोळ असत, त्यामुळें त्यांचा बोभाटा झाला नाहीं. बिस्किट संपलें आणि अस्वलाला तें पटलें नाहीं, एवढाच पुष्कळदां त्या अपघाताचा इतिहास असे.

इशारे मिळालेच नाहींत असें नव्हे. १९०२ मध्यें नेमलेला चार्ल्स जोन्स नांवाचा एक वन्यपशु-रक्षक, ज्याला लोक ‘बफेलो जोन्स’ म्हणत, हा खोडकर अस्वलांना फांसांत पकडून झाडाला टांगी आणि शाळामास्तरासारखा काठीनें बडवून काढी. अस्वलाला शिस्त लावावयाची आणि उकिरडा मात्र जसाच्या तसा ठेवावयाचा, हें त्या काळच्या विचारसरणीचें नमुनेदार चित्र होय. १९१६ च्या सप्टेंबरांत सरकारी गाडीवरील एक गाडीवान रात्रीं गाडीखालीं झोंपला असतां एका ग्रिझ्लीनें त्याला ओढून काढलें. त्या जखमांनीं तो मरण पावला. ग्रिझ्लीनें माणूस मारल्याची यलोस्टोनमधील ही पहिली निश्चित नोंद. त्याच्या सोबत्यांनीं पुढें आमिष मांडून, त्याखालीं सुरुंगाची दारू पुरून तें अस्वल उडवून दिलें. गुन्हेगाराला शासन झालें, म्हणून प्रकरण मिटलें.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ऑटर क्रीकचा तमाशा बंद पडला. उकिरडे मात्र राहिले. प्रेक्षक गेले एवढेंच. आणि युद्धानंतर एक नवीनच माणूस रानांत शिरूं लागला. पूर्वींचा प्रवासी मोटारींतून उतरून शंभर पावलें चाले आणि परत बसे. हा नवा तरुण पाठीवर पिशवी बांधून, सडक मागें टाकून, चार-चार दिवस आडरानांत पायीं हिंडूं लागला. त्याच्याजवळ बंदूक नव्हती, कारण राष्ट्रीय उद्यानांत तिला मनाई होती. रानांतील माणसाच्या परंपरागत ज्ञानाचाहि त्याच्यापाशीं लवलेश नव्हता. तो शहरांतून आला होता, आणि अस्वल म्हटलें कीं त्याच्या डोळ्यांपुढें सडकेवरचें तें बिस्किटखाऊ अस्वलच उभें राही.

मोंटाना संस्थानाच्या उत्तर सीमेवर ग्लेशियर नांवाचें राष्ट्रीय उद्यान आहे. त्याची स्थापना १९१० ची. १९६७ चा उन्हाळा तेथें फार कोरडा गेला. विजा पडून ठिकठिकाणीं वणवे पेटले होते आणि बरेचसे वनरक्षक ते विझविण्यांत गुंतले होते. या उद्यानांत ग्रॅनाइट पार्क नांवाचें डोंगरमाथ्यावरचें एक दगडी विश्रामगृह आहे. तेथें पायींच जावें लागतें. त्या उन्हाळ्यांत पाहुणे इतके वाढले कीं केरकचरा जाळण्याची भट्टी पुरेना, आणि खरकटें विश्रामगृहामागील घळींत टाकलें जाऊं लागलें. रोज रात्रीं ग्रिझ्ली तेथें येत, आणि सज्जांत उभे राहून पाहुणे तीं पाहत. हें सर्वांस ठाऊक होतें, अधिकाऱ्यांनाहि. तंबू ठोकण्याची जागा त्या घळीपासून थोडक्याच अंतरावर होती.

तेथून सुमारें नऊ मैलांवर ट्राउट सरोवर आहे. त्या बाजूला एक हडकुळें, वयस्क ग्रिझ्ली सारा उन्हाळा त्रास देत होतें. माणसांच्या पिशव्या उचकटी, खाद्य पळवी, ओरडलें तरी हटत नसे. त्याच्याविषयीं तक्रारी आल्या होत्या. पण आजवर कोणाला इजा केली नव्हती, हाच त्याच्या बाजूनें मोठा दाखला ठरला. शिवाय उद्यानाच्या सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यांत ग्रिझ्लीनें एकहि माणूस मारला नव्हता, या पुण्याईवर सगळेच विसंबून होते.

१२ ऑगस्टच्या शनिवारीं रात्रीं या दोन्ही ठिकाणीं उद्यानांतील हॉटेलांत उन्हाळ्यापुरतें काम करणारीं तरुण मुलेंमुली सुट्टी घालविण्यासाठीं आलीं होतीं. ग्रॅनाइट पार्कच्या खालीं एक तरुण व त्याची मैत्रीण उघड्यावरच बिछान्याच्या पिशव्यांत झोंपलीं. मध्यरात्रीनंतर ग्रिझ्ली आलें. त्यानें प्रथम तरुणाला फाडलें; तो निपचित पडून राहिला तेव्हां त्याला सोडून तें मुलीकडे वळलें व तिला उतारावरून ओढीत घेऊन गेलें. जखमी तरुणाला विश्रामगृहांतील लोकांनीं आणलें. पण मुलीच्या शोधाला निघण्यास वेळ लागला, कारण काळोखांत त्याच जनावराच्या मागें नि:शस्त्र माणसांना घेऊन जावें कीं न जावें याचा निर्णय कोणी करावयाचा, हा प्रश्न होता. अखेर ती सांपडली तेव्हां तिच्यांत प्राण होता. पाहुण्यांत योगायोगानें डॉक्टर होते. त्यांनीं जेवणाच्या टेबलावर शर्थ केली, परंतु उजाडण्यापूर्वींच ती गेली.

त्याच पहांटे ट्राउट सरोवराच्या कांठीं पांच जण व एक कुत्र्याचें पिलू होतें. संध्याकाळींच अस्वलानें येऊन त्यांचें जेवण खाल्लें होतें. अंधार पडण्याच्या बेतांत परतीची चढण चढण्यापेक्षां पाण्याजवळ जागा बदलून मोठा जाळ करून राहावें, असें त्यांनीं ठरविलें. पहांटे अस्वल परत आलें. चौघे जण कसेबसे बाहेर पडून झाडांवर चढले. पांचव्या मुलीच्या पिशवीची झिप अडकली. एकाच रात्रीं, एकाच उद्यानांत, दोन निरनिराळ्या ग्रिझ्लींनीं मारलेल्या या दोन्ही मुली एकोणीस वर्षांच्या होत्या.

साऱ्या अमेरिकेंत हाहाकार उडाला, आणि पहिल्यानें जीं कारणें पुढें आलीं तीं आज वाचतांना माणसाच्या मनाची मोठी गंमत वाटते. विजांच्या कडकडाटानें अस्वलें पिसाळलीं असावींत, असें एक मत निघालें. स्त्रियांच्या प्रसाधनांचा वास, त्यांचा मासिक विटाळ, हीं आणखी कांहीं कारणें. आणि हें दुसरें तर इतकें रुजलें कीं पुढें कित्येक वर्षें स्त्रियांनीं त्या दिवसांत आडरानांत जाऊं नये, असा उपदेश सरकारी पत्रकांतून छापला जात असे. नंतरच्या संशोधनांत या समजुतीला ग्रिझ्लींच्या बाबतींत आधार मिळाला नाहीं, आणि काळ्या अस्वलांच्या बाबतींत तर ती चांचणींत साफ खोटी ठरली. विजेला दोष देणें सोपें होतें, बायकांना दोष देणें त्याहून सोपें. विश्रामगृहामागच्या घळीकडे बोट दाखविणें तेवढें अवघड होतें. वनरक्षकांनीं ट्राउट सरोवराचें तें अस्वल टिपलें तेव्हां त्याच्या दाढांत कांचेचे तुकडे रुतलेले आढळले. कित्येक उन्हाळे खाल्लेल्या खरकट्याची ती खूण होती. जॅक ऑल्सन या पत्रकारानें १९६९ सालीं या रात्रीवर जें पुस्तक लिहिलें, त्यानें ही गोष्ट घरोघर पोंचविली.

कॅनडांतील कॅलगरी विद्यापीठांत स्टीफन हरेरो नांवाचा एक शास्त्रज्ञ होता. या घटनेनें तो बेचैन झाला, आणि अस्वलानें माणसावर केलेल्या हल्ल्यांच्या नोंदी गोळा करण्याचा त्यानें ध्यास घेतला. कोठें, कोणत्या वेळीं, कोण कोणाच्या किती जवळ होतें, जवळपास अन्न होतें काय, पिलें होतीं काय, माणूस पळाला कीं उभा राहिला, अशा बारीक चौकशा करून १९८५ सालीं त्यानें ‘बेअर अटॅक्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानें काढलेले निष्कर्ष थोडक्यांत असे कीं, ग्रिझ्लीच्या हल्ल्यांमागें बहुतांशीं दोनच गोष्टी असतात. एक, अचानक समोरासमोर गांठ पडणें, त्यांतूनहि पिलांजवळ असलेल्या मादीशीं. आणि दुसरी, माणसाच्या अन्नाची लागलेली चटक. पहिल्यांत अस्वल आपला बचाव करीत असतें, आणि धोका टळला असें वाटतांच तें निघून जातें. दुसऱ्यांत त्याला माणसाची भीति उरलेली नसते व माणसाजवळ खावयाला मिळतें हें ठाऊक असतें. हें अस्वल अधिक घातक. काळें अस्वल आपल्या पिलांसाठीं सहसा माणसावर तुटून पडत नाहीं. पण क्वचित् एखादें आडरानांत माणसाला भक्ष्य समजून मुकाट्यानें पाठ धरतें, आणि तेव्हां त्याच्याशीं झुंजावेंच लागतें.

लुईसच्या त्या अस्वलानें पाठ कां फिरविली, याचें उत्तर बहुधा या पहिल्या वर्गांत असावें. माणूस पळत होता तोंपर्यंत तें मागें धांवलें. तो थांबून तोंड देऊन उभा राहिला तेव्हां त्याला पुढें जाण्याचें कारण उरलें नाहीं. अर्थात् त्याच्या मनांतलें तेंच जाणे.

यलोस्टोनमध्यें त्या वेळीं फ्रँक आणि जॉन क्रेगहेड हे जुळे बंधु ग्रिझ्लींचा अभ्यास करीत होते. या दोघांचें हिंदुस्थानशीं जुनें नातें होतें. बहिरी ससाण्यांच्या नादापायीं त्यांची भावनगरच्या राजघराण्यांतील धर्मकुमारसिंहजी यांच्याशीं पत्रमैत्री जमली, आणि १९४०-४१ मध्यें ते कित्येक महिने काठेवाडांत पाहुणे म्हणून राहून गेले. ससाण्याच्या नजरेनें रान पाहण्याची ही संवय त्यांना पुढें उपयोगी पडली. १९५९ पासून त्यांनीं ग्रिझ्लींना गुंगीचें औषध देऊन, कानांत खुणेचे बिल्ले अडकवून त्यांची मोजदाद चालविली, आणि १९६१ सालीं एका मादीच्या गळ्यांत रेडिओयंत्र बांधून तिच्या भटकंतीचा माग काढला. ग्रिझ्लीच्या बाबतींत असा प्रयोग त्यापूर्वीं कोणीं केला नव्हता.

ग्लेशियरच्या घटनेनंतर उकिरडे बंद झाले पाहिजेत याविषयीं वाद उरला नव्हता. वाद होता तो वेगाचा. क्रेगहेड बंधूंचें म्हणणें असें कीं, तीन पिढ्या खरकट्यावर वाढलेल्या अस्वलांचें ताट एकदम काढून घेतलेंत तर तीं अन्नाच्या शोधांत तंबूंकडे वळतील. म्हणून उकिरडे हळूहळू कमी करीत न्या. उद्यानाच्या अधिकाऱ्यांचें मत उलट होतें. विषाचा घोट घोटाघोटानें काढून घेण्यांत काय हंशील, असा त्यांचा रोख. त्यांनीं १९७० च्या सुमारास उकिरडे झटपट बंद केले. क्रेगहेडांचें उद्यानांतील संशोधनहि लवकरच संपुष्टांत आलें. पुढील दोन-तीन वर्षांत अस्वलें खरोखरच तंबूंकडे वळलीं आणि मोठ्या संख्येनें मारलीं गेलीं. १९७२ च्या जूनमध्यें परवानगीवांचून तंबू ठोकून राहिलेल्या एका तरुणाला ग्रिझ्लीनें मारलें. त्याच्या कुटुंबानें सरकारवर फिर्याद लाविली. १९७५ मध्यें खालच्या कोर्टानें तिच्यासारखा निकाल दिला, व पुढील सालीं वरच्या कोर्टानें तो फिरविला. त्याच १९७५ सालीं अलास्का वगळून उरलेल्या संस्थानांतील ग्रिझ्लीला कायद्यानें संकटग्रस्त प्राणी म्हणून संरक्षण मिळालें. या वादांत कोण बरोबर होतें याचा निवाडा करतांना एवढें म्हणतां येईल कीं, माणसांच्या बाजूनें पाहिल्यास अधिकाऱ्यांचें धोरण शेवटीं फळास आलें. मात्र त्याची जी किंमत अस्वलांनीं मोजली, तींतील बराचसा भाग क्रेगहेडांचा सल्ला मानला असता तर वांचला असता. यलोस्टोनच्या परिसरांत १९७५ मध्यें दीडशेंहून कमी उरलेलीं ग्रिझ्ली आज हजारांच्या आसपास आहेत, आणि जखमी होणाऱ्या माणसांची सरासरी दरसाल ४८ वरून सुमारें एकावर आली आहे. आज त्या उद्यानांत अस्वलापेक्षां बायसनच अधिक लोकांना जखमी करतो, कारण तो गाईसारखा संथ दिसतो आणि लोक त्याच्यापाशीं छायाचित्रें काढावयास जातात.

या साऱ्या अनुभवांतून आडरानांत पायीं जाणाराचे नियम ठरत गेले. तिघांनीं किंवा अधिकांनीं मिळून जावें. वळणावर, दाट झाडींत, वाहत्या पाण्याच्या आवाजांत मोठ्यानें बोलत चालावें, म्हणजे अस्वलाला आधीं चाहूल लागते व तें आपण होऊन बाजूस होतें. दुकानांत विकत मिळणाऱ्या घुंगरांचा क्षीण आवाज यास पुरत नाहीं. अस्वल दिसल्यास शंभर यार्डांचें अंतर राखावें. पळूं नये, तें ताशीं पस्तीस मैलांच्या वेगानें धांवतें, आणि धांवणाऱ्या वस्तूमागें धांवणें हा त्याचा उपजत धर्म आहे. अचानक गांठ पडून ग्रिझ्लीनें प्रत्यक्ष धरलेंच, तर पालथें पडून, मानेवर हात गुंफून, पाठीवरची पिशवी तशीच ठेवून निश्चल राहावें. मात्र रात्रीं तंबूंत शिरणारें अस्वल बचावासाठीं आलेलें नसतें. तेथें मेल्याचें सोंग घेणें म्हणजे त्याचें काम सोपें करणें होय, म्हणून असेल तें हातांत घेऊन त्याच्याशीं लढावें. स्वयंपाक तंबूपासून शंभर यार्डांवर करावा, अन्न आणि दंतमंजनापर्यंतची प्रत्येक वासाची वस्तु झाडाच्या फांदीवरून, खोडापासून दूर, दहा फुटांवर टांगावी, आणि ज्या कपड्यांनीं रांधलें त्यांनीं निजूं नये. सोंवळ्याचे नियम पाळणाऱ्या घरांत वाढलेल्याला यांतलें पुष्कळसें ओळखीचें वाटेल.

बंदुकीची जागा ज्या वस्तूनें घेतली ती तर आपल्या स्वयंपाकघरांतलीच आहे. मोंटाना विद्यापीठांत चार्ल्स जाँकेल यांच्या देखरेखीखालीं, पिंजऱ्यांतील अस्वलांना काय मानवत नाहीं याचे प्रयोग चालले होते. त्यांत तिखट लाल मिरचीचा अर्क सर्वांत गुणकारी ठरला, आणि १९८० नंतरच्या दशकांत तो दाबाच्या डब्यांत भरून बाजारांत आला. डबा कमरेला लावावयाचा, अस्वल दहा-बारा यार्डांवर आलें कीं त्याच्या वाटेवर फवारा सोडावयाचा. त्याचे डोळे, नाक, घसा जळतात, तें परत फिरतें, आणि कांहीं वेळानें पूर्ववत् होतें. माणूसहि वांचतो व अस्वलहि. अलास्कांतील १९८५ ते २००६ या काळांतल्या ८३ प्रसंगांची छाननी २००८ सालीं हरेरो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रसिद्ध केली. त्यांत ग्रिझ्लीच्याच जातीच्या तपकिरी अस्वलांना या फवाऱ्यानें शेंकडा ९२ वेळां थोपविल्याचें दिसून आलें. जी मिरची पोर्तुगीजांनीं अमेरिकेंतून गोव्यास आणली आणि महाराष्ट्रानें आपल्या ठेच्यांत मुरविली, तिचा हा तिच्या मायभूमींतला नवा संसार. फवारा अंगाला किंवा तंबूला आधींच फांसून ठेवणारे महाभागहि निघाले आहेत. त्याचा उपयोग होत नाहीं, उलट वाळलेल्या मिरचीच्या वासानें अस्वल कुतूहलानें जवळ येतें.

अन्न टांगण्याची युक्ति सर्वत्र टिकली नाहीं. कॅलिफोर्नियांतील योसेमिटी उद्यानांतलीं काळीं अस्वलें दोरी कुरतडण्यांत तरबेज झालीं. पिलूं फांदीवर पाठवून गांठोडें खालीं पाडण्याची विद्याहि त्यांनीं साधली. मोटारींचे दरवाजे तर तीं डब्याच्या झांकणासारखे उघडूं लागलीं. १९९८ या एकाच सालीं तेथें पंधराशेंहून अधिक प्रकार घडले आणि साडेसहा लाख डॉलरांच्या वर नुकसान झालें. त्यावर उपाय म्हणून तळांवर लोखंडी पेट्या बसविण्यांत आल्या, आणि आडरानांत जाणारास अन्नासाठीं एक जाड, गुळगुळीत, गोल डबा पाठीवर नेण्याची सक्ती झाली. अस्वलाच्या जबड्यांत मावणार नाहीं एवढा तो रुंद असतो, आणि त्याचें झांकण माणसाच्या बोटांनींच काय तें उघडतें. न्यूयॉर्क संस्थानांतील ॲडिरोंडॅक डोंगरांत मात्र ‘यलो-यलो’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या एका लहानखुऱ्या मादीनें यांतील एका बनावटीच्या झांकणाची खुंटी दातानें दाबून फिरविण्याची कला आत्मसात केली. कारखानदारांनीं दुसरी खुंटी बसविली. तिनें तीहि उघडली. २०१२ मध्यें ती शिकाऱ्याच्या हातून मेली, तोंपर्यंत तो डबा त्या डोंगरांतून हद्दपार झाल्यासारखाच होता.

अलास्कांत मॅकनील नदीवर याच्या उलट टोंकाचा एक प्रयोग आहे. तेथें उन्हाळ्यांत सामन मासे चढतात आणि धबधब्यापाशीं डझनावारीं तपकिरीं अस्वलें एकत्र मासे मारतात. १९७३ पासून तेथें सोडत काढून दिवसाला फक्त दहा माणसांना जाऊं देतात. हीं माणसें ठराविक वेळीं, ठराविक वाटेनें जातात, ठराविक जागीं बसतात, आणि अन्नाचा कणहि अस्वलाला लाभूं देत नाहींत. माद्या आपलीं पिलें माणसांपासून थोड्या यार्डांवर ठेवून खुशाल नदींत उतरतात. या व्यवस्थेखालीं आजवर तेथें कोणाहि पाहुण्याला अस्वलानें जखमी केलेलें नाहीं.

आणि यलोस्टोनच्या पश्चिम दरवाज्याबाहेरील गांवांत, माणसांच्या अन्नाला चटावल्यामुळें रानांत ठेवणें अशक्य झालेलीं कांहीं ग्रिझ्ली एका संस्थेंत पाळलीं आहेत. नवा डबा बाजारांत आणण्यापूर्वीं कारखानदार तो येथें पाठवितात. त्यांत मासे, मध, खारवलेले दाणे असें कांहीं भरून तो अस्वलांपुढें टाकतात. तीं त्याला चावतात, नखांनीं ओरबाडतात, पुढचे दोन पाय त्यावर ठेवून सगळा भार देऊन उड्या मारतात. कडेला एक मनुष्य घड्याळ घेऊन उभा असतो; साठ मिनिटें डबा टिकला तर तो पास.